चिवडा नको, चिखल आणा

कलकत्त्यात मराठी पहिल्यांदा कानावर पडलं ते असं.

"गावाहून काय आणलंस?"

"शेंगाचटणी आहे, कडक भाकऱ्या आहेत, चिवडा..."

"ते राहू दे. चिखल नाही आणलास?"

मी वाकून पिशवीत पाहिलं. का पाहिलं ते विचारू नका. विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत नाव लागलेली मुलगी, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली, आणि ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. करायला एवढ्या लांब आले त्या डॉ. इंदुमती वझे यांच्यासमोर मी पिशवीत चिखल शोधत होते.

"नाही आणला," मी म्हणाले. आणि वर आगाऊपणे, "सगळं धुऊन आणलंय."

"अरेरे," त्या मनापासून हळहळल्या. "बरं, चहा खा आधी."

त्या चहा खायच्या, पाणी खायच्या, कधीमधी औषधसुद्धा खायच्या, म्हणजे पातळ. जन्म कलकत्त्यातला. वडील रेल्वेच्या नोकरीत आले ते इथलेच झाले. मराठी घरात शिकलेलं, शुद्ध, पण त्याला एक बंगाली हेल होता. वाक्य संपताना वर जायचं आणि तिथेच बसून राहायचं. घर बागबाजारच्या पुढे, कालव्यापलीकडच्या एका गल्लीत. मराठ्यांच्या भीतीने जुन्या कलकत्तेकरांनी ह्याच बाजूने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. "अर्धवट सोडला ना त्यांनी," इंदूदी, म्हणजे वझेमॅडमच, म्हणायच्या, "म्हणून तर मी आत आले." समोरच्या घरातले घोषबाबू त्यांना अजून 'बर्गी' म्हणत, म्हणजे लुटायला येणारे मराठे. इंदूदींना ते फार आवडायचं. त्यांच्याइतकी निरुपद्रवी लुटारू बंगालने दुसरी पाहिली नसेल. लुटायच्या त्या फक्त चिखल.

त्याचं असं होतं. इंदूदींचा विषय गोड्या पाण्यातले प्राणिप्लवक. डबक्यात, तळ्यात, विहिरीत जे जेमतेम दिसतात न दिसतात, उड्या मारतात, ते जीव. त्यातही त्यांचा जीव पाणपिसवांवर. तळं आटलं की पाणपिसू मरते, पण मरण्याआधी टणक कवचातली अंडी चिखलात सोडून जाते. चिखल वाळून ढेकूळ होतो, वर्षं जातात, आणि कोणी त्यावर पाणी ओतून उजेडात ठेवला की आतून उडी मारून कोणीतरी बाहेर. त्यामुळे महाराष्ट्रातली तळी पाहायला इंदूदींना महाराष्ट्रात जावंच लागत नसे. कलकत्त्यात बदलून येणारी मराठी कुटुंबं होतीच. बँकेतले, विम्यातले, केंद्र सरकारातले. सुट्टीला गावी निघालेल्या प्रत्येक बाईला इंदूदी दारात गाठायच्या आणि सांगायच्या, "चिवडा नको, चिखल आणा. गावच्या तळ्याच्या काठचा, वाळका, मूठभर. आणि पुडीवर आपलं नाव लिहू नका, गावाचं लिहा."

बायका आणायच्या. न आणून सांगतील कोणाला? बायकांची नावं इंदूदींच्या लक्षातच राहायची नाहीत. चिखलाच्या गावानेच त्या सगळ्यांना हाक मारायच्या. बँकेतल्या कुलकर्णीसाहेबांच्या मिसेसना सगळे कुलकर्णीवहिनी म्हणत, इंदूदी म्हणत "नांदेड". "ए नांदेड, तुझी पिल्लं काल फुटली बघ." वहिनी बिचाऱ्या इकडेतिकडे पाहायच्या, आपली मुलं तर शाळेत आहेत.

मी अर्थातच "बार्शी". बार्शीचा चिखल मी वडिलांकडून मागवला. वडील गवंडी. फोनवर म्हणाले, "चिखल कशाला? वाळू पाठवतो की, चाळलेली."

"वाळू नको दादा. पाझर तलावाच्या काठचं ढेकूळ पाहिजे. त्यात किडे असतात."

पलीकडे थापी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "किडे बघायला एवढं शिकलीस होय? आपल्या हौदात होते की."

मी त्यांना जनुकीय विविधता समजावून सांगितली. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "जेवतेस ना वेळेवर?" पण ढेकूळ आलं. सिमेंटच्या गोणीचा तुकडा, सुतळीने सात वेढे आणि आत एवढंसं गाव.

इंदूदींच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नसे. सगळ्या टेबलावर काचेच्या बरण्या, प्रत्येकीत एकेक गाव भिजत घातलेलं. मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमची ताटं. मासा त्या चवीने खायच्या, पुरा बंगाली पद्धतीने, काटे गालात वेगळे करून. पण बरणीतली काम संपलेली पाणपिसू मोरीत ओतायची म्हटलं की हात थांबायचा.

"जीव आहे ग. गटारात कसा घालू?"

"आत्ता तुम्ही अख्खा रुई मासा खाल्लात."

"तो मेलेला आला होता."

म्हणून संध्याकाळी त्या बरण्या एका बादलीत रिकाम्या करायच्या आणि मागच्या दाराने पायऱ्या उतरून पुकुरात सोडायच्या. पुकुर म्हणजे तळं, घरामागचं, पाड्याचं, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याचं. घोषबाबू त्यात गळ टाकून बसलेले असायचे. बादलीची एक कडी मी धरायची. सोडताना इंदूदी पाण्याला सांगायच्या, "हे नांदेडचे. सांभाळून घ्या." त्यांच्या पिढीचं शास्त्र सांगायचं की हे जीव सगळीकडे एकच. सूक्ष्मदर्शकाखाली नांदेड आणि बंगाल ओळखू येत नाही. मग समुद्रात चिमूटभर मीठ टाकलं तर कोणाचं काय गेलं?

बाहेर जाताना त्यांची छत्री बरोबर असायचीच, ऊन असो नसो, आणि छत्रीच्या घडीत बारीक कापडाची जाळी. कुठलंही पाणी त्यांना नुसतं पाहता येत नसे. कुलकर्णीवहिनींच्या हळदीकुंकवाला दारात पितळी घंगाळ ठेवलं होतं, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्यांची रांगोळी, सगळ्याजणी फोटो काढतायत. इंदूदींनी पाकळ्या हलकेच बाजूला केल्या, पर्समधली काचेची नळी बुडवली, खिडकीशी नेऊन उजेडाला धरली आणि हर्षभराने ओरडल्या, "अभिनंदन ग नांदेड! तुझ्या पाण्यात पिसवा झाल्यात!"

उरलेलं हळदीकुंकू जिन्यात झालं.

मला तेव्हा त्यांची लाज वाटायची. खरं सांगते. मी पांढरा कोट घालून फोटो काढणारी, डीएनए वाचणारी नव्या दमाची संशोधक, आणि माझ्या बाई लोकांच्या घंगाळात नळ्या बुडवणाऱ्या. मला वाटायचं, ह्यांच्या जुन्या शास्त्राला आता मीच काय ते नाव मिळवून देणार.

संधी चालून आली. पुकुर बुजवायचं ठरतंय अशी बातमी पाड्यात फुटली. अर्ध्या जागेत हॉल आणि गाड्यांसाठी जागा, उरलेल्याला फरशी आणि कारंजं. हरकत घ्यायची असेल त्यांनी क्लबच्या खोलीत सभेला यावं, वॉर्डातले साहेब ऐकून घेतील. घोषबाबूंनी त्या दिवशी गळ टाकला नाही, नुसतेच पायरीवर बसले. इंदूदी मला म्हणाल्या, "ह्या तळ्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे एकच साक्षीदार आहे, ह्यातले जीव. त्यांना बोलता येत नाही. त्यांचं काय म्हणणं आहे ते तू डीएनएतून काढ, बार्शी. काही वेगळं निघालं तर वाचेल."

निघालं. कसलं निघालं! एकाच तळ्यात पाणपिसवांचे इतके वेगवेगळे वंश की मी निकाल पुन्हा पुन्हा तपासले. आणि ते जुळत कशाशी होते? आमच्याकडच्या चिखलांच्या पुड्यांशी! नांदेडचा वंश इथे. वाईचा इथे. नागपूरकडचा इथे, कुडाळचा इथे. आणि, सांगताना आजही कानशिलं तापतात, बार्शीचा इथे! माझ्या गावच्या पाझर तलावातला जीव बंगालच्या उपसागराशेजारी! मला एका क्षणात सिद्धान्त सुचला. स्थलांतरित पक्षी. पायाला चिखल, चिखलात अंडी, दख्खनहून थेट बंगाल. मी महाराष्ट्राचा आणि बंगालचा नकाशा काढला, त्यावर लाल बाण काढले, बाणांवर बगळा काढला. बगळा मला जमत नाही, तो बदकासारखा झाला, पण आवेश होता. झेरॉक्सवाल्याकडून भिंतीएवढा छापून घेतला. दादांना फोन केला, "पेपरात फोटो येईल." सभेसाठी ताँतची, म्हणजे बंगाली हातमागाची, साडीसुद्धा घेतली, कारण शास्त्रज्ञाने स्थानिक संस्कृतीत मिसळलं पाहिजे.

सभेच्या आदल्या दुपारी मी नकाशा इंदूदींच्या पलंगावर पसरला, कारण टेबलावर गावं भिजत होती. त्यांनी चष्मा लावला. माझं तोंड भरून कौतुक होण्याची मी वाट पाहत उभी.

"हा बाण कुठला?"

"नांदेड."

"आणि हा?"

"वाई."

"वाई म्हणजे आपल्या विम्यातल्या साठ्यांची? हा कुडाळ... कुडाळ सामंतबाई. हा नागपूर." त्यांचं बोट सावकाश फिरत होतं. "आणि हा?"

"बार्शी," मी लाजून म्हणाले.

इंदूदी पलंगाच्या कडेवर बसल्या. चष्मा काढून पदराला पुसला. पुन्हा लावला.

"बार्शी, हा नकाशा नाही ग. ही आपल्या हळदीकुंकवाची आमंत्रणं आहेत."

"मॅडम, पक्षी..."

"पक्षी नांदेडहून निघतो, मधे एकाही तळ्यावर उतरत नाही, आणि बरोब्बर माझ्या मागच्या दारी येऊन बसतो? आणि कोल्हापूरहून एकही का येत नाही?"

"कोल्हापूरचे पक्षी कदाचित..."

"कोल्हापूरचं कोणी बदलून आलं नाही अजून आपल्याकडे."

मी बगळ्याकडे पाहिलं. तो बदकच होता.

"तो पक्षी मी आहे," इंदूदी म्हणाल्या. "छत्रीवाला."

माझ्या डोळ्यांसमोरून ती बादली गेली. बादलीची ती कडी, आणि कडीला माझा हात. रोज संध्याकाळी ज्या पाण्यात मी गावं ओतत होते त्याच पाण्यात ती गावं सापडली म्हणून मी साडी घेतली होती. एवढं शिक्षण माझ्या घरात आधी कोणी घेतलं नव्हतं हे बरंच झालं. निदान माझी चूक समजावी इतकं शिकलेलं घरी कोणी नव्हतं.

पण मी हट्टी. म्हटलं, "मॅडम, खोटं काहीच नाही ह्यात. जीव आहेत, वंश वेगळे आहेत. बाण पुसते. उद्या एवढंच सांगू, असं तळं दुसरं नाही. कोण विचारणार कुठून आले? तळं तरी वाचेल."

त्या खिडकीतून पुकुराकडे पाहत होत्या. घोषबाबू पायरीवर होते. मला वाटलं, हो म्हणतील. मला वाटतं, त्यांनाही क्षणभर तसंच वाटलं.

"साक्षीदार मी पढवून आणलाय, बार्शी," त्या म्हणाल्या. "न कळत का होईना. कळल्यावर कसा उभा करू?" मग एकदम वळल्या. "आणि इथला? इथला मूळचा कोणी आहे की नाही?"

होता. तेच तर. एक वंश आमच्या कुठल्याच पुडीशी जुळत नव्हता. आणि जुळत नाही म्हणून त्याला बाण काढता येईना, म्हणून मी त्याला कोपऱ्यात एक राखाडी ठिपका देऊन टाकला होता. त्यावर सूचीची चौकट आली होती, अर्धा झाकला होता.

इंदूदींनी बोट त्या ठिपक्यावर ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही.

"हा घरचा," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याच्या घरात अख्खं मंडळ आणून बसवलं."

दुसऱ्या दिवशी क्लबच्या खोलीत, कॅरमबोर्ड भिंतीला लावून मांडलेल्या खुर्च्यांवर पाडा जमला. मी नवी साडी नेसले नाही. इंदूदी उठल्या आणि बंगालीत, शाळेतली कविता म्हणावी तसं सरळ उभं राहून, सगळं सांगितलं. ह्या तळ्यात जे पुष्कळ सापडलं ते मी बादलीने ओतलेलं आहे, ते धरू नका. एक जीव इथला आहे. तो दुसरीकडे कुठे आहे की नाही, मला माहीत नाही. तो किती उरलाय तेही माहीत नाही. कमी झाला असेल तर त्यात माझा हात आहे. त्या एकासाठी तळं राहू द्या.

साहेब हिंदीत म्हणाले, "मतलब दीदी, बाकी सब बाहर का माल है?"

"हो."

"और जो यहाँ का है, वो एक कीड़ा?"

"एक."

साहेब हसले. खोलीतही कोणी कोणी हसलं. तेवढ्यात घोषबाबू उठले. त्यांची हिंदी बंगालीच्या होडीत बसून यायची.

"बाहर का? मेरा बाप पद्मा नदी के ओपार से आया। दीदी का बाप बर्गी लोग का देश से आया। आप किधर का है, सार?"

"मुज़फ़्फ़रपुर," साहेब म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना वाटलं की म्हणायला नको होतं.

"तो बोलिए, माटी किस किस के ऊपर डालेगा?"

आता हसायची पाळी पाड्याची होती. पण हसण्याने तळी वाचत नाहीत. बऱ्याच फेऱ्या, बऱ्याच सह्या झाल्या, आणि अखेर अर्धं तळं गेलं. अर्धं राहिलं. फरशीशिवाय, कारंज्याशिवाय, मातीच्या काठाचं. ते त्या एका जीवामुळे राहिलं की घोषबाबूंच्या तोंडामुळे की पैसे संपल्यामुळे, कोणी सांगितलं नाही. मी आणि इंदूदींनी मिळून शोधनिबंध लिहिला, संशोधकच आपल्या हाताने जीव कसे पसरवतात ह्यावर. उदाहरण म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घालायला लावलं. पेपरात फोटो आला नाही. दादांना सांगितलं तर म्हणाले, "भिंत तिरकी गेली तर पाडायची असते. लाजायचं काय त्यात?"

इंदूदींनी मात्र त्या दिवसापासून केटली घेतली. काम संपलेल्या बरणीत उकळतं पाणी ओतायचं, मगच मोरी. ओतताना त्या मान वळवून घ्यायच्या. मी म्हणायचे, द्या, मी ओतते. "नको," म्हणायच्या, "सोडताना मी सोडले." बायकांकडून चिखल घेणं सुरूच होतं. पण पुकुराच्या पायरीवर आता रिकाम्या हाताने जायच्या, जाळीने थेंबभर पाणी उचलायच्या, नळीत पाहायच्या आणि परत सोडायच्या.

एकदा मी विचारलं, "दिसला का आपला ठिपका?"

"डोळ्यांनी कुठे ओळखू येतो?" त्या म्हणाल्या. "म्हणून सगळ्यांनाच घरचं समजायचं."

मला बार्शीलाच कॉलेजात नोकरी लागली. आता मीच मॅडम. निघाले त्या दिवशी इंदूदी हावड्याला पोचवायला आल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात थर्मास.  म्हटलं, चहा खाऊ घालायला आल्या एवढ्या लांब.

"चपला काढ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काल पायरीवर उतरली होतीस निरोप घ्यायला. काढ."

फलाटावर हमाल, ट्रंका, नमस्कार, रडणं असं सगळं चाललेलं, आणि मी अनवाणी, एका पायावरून दुसऱ्या पायावर. इंदूदींनी माझ्या चपला उलट्या धरल्या आणि तळांवर कढत पाणी ओतलं, सावकाश, शिवणीतून, खाचेतून, देवाची मूर्ती धुवावी तसं. बाजूच्या कुटुंबाने आपलं सामान जरा लांब सरकवलं.

"हं. आता जा," त्या म्हणाल्या. "इथलं तिकडे नेऊ नकोस. तिकडे तिकडचे असतील. त्यांना शोध."

मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "ओल्यात गुडघे टेकू नकोस." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो थर्मासचं झाकण धरलेलाच हात.

गाडी हलली. मी ओल्या चपला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. इंदूदी हात हलवत नव्हत्या. हावड्याच्या त्या फलाटावर, जिथे सगळ्या देशाचे पाय येऊन झटकतात, त्या छत्री काखेत धरून एका पायावर उभ्या होत्या. दुसऱ्या पायातली चप्पल हातात उलटी धरली होती आणि थर्मासमधलं उरलेलं पाणी तिच्या तळावर ओतत होत्या, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, घरी जायच्या आधी.